जो अणू टिकायलाच नको होता

पाय जपून टाका. फरसबंदी ओली आहे आणि तिच्यावर काजळीचा बुळबुळीत थर बसलाय. हे मँचेस्टर. साल १९१२, महिना जून. ऐन उन्हाळ्यातही भुरभुर पाऊस लागलाय, आणि हातावर पडलेला थेंब पुसलात तर बोटाला काळं लागतं.

श्वास घ्या, पण बेताने. पहिला येतो तो दगडी कोळशाचा धूर. घशात खवखव करणारा, जिभेवर कडवट चव ठेवणारा. त्यामागून घोड्यांची लीद, ओली लोकर, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हिनेगर शिंपडलेल्या तळलेल्या माशांचा वास. विजेची ट्राम घंटा बडवत अंगावर येते. बाजूला व्हा, ती तुमच्यासाठी थांबणार नाही. लोखंडी धावांच्या गाड्या दगडांवरून खडखडत जातात. गिरणीतून सुटलेल्या बायकांचा घोळका तुम्हाला रेटत पुढे नेतो. त्यांच्या डोक्यावरून शाली आहेत, पायांत लाकडी तळव्यांचे बूट. शंभरएक पावलांचा तो खटखटाट कानात असा घुमतो की शेजारचा माणूस काय म्हणतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. गिरणीत दिवसभर मागांच्या आवाजात उभं राहून या बायका ओठ वाचायला कधीच शिकल्यात.

तुमच्या गळ्याला खळीची ताठ कॉलर रुतते आहे. तिची सवय होत नाही, पण इथे तिच्यावाचून कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. या शहराच्या आसपास विणलेलं कापड बोटीने मुंबईला जातं आणि तिथून खानदेश-वऱ्हाडातल्या आठवडी बाजारांत पोचतं. सात वर्षांपूर्वी पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, ते अशाच मागांवरून उतरलेलं. त्या झाडाकडे एकदा बघून घ्या. खोडावर पतंग बसलाय, संपूर्ण काळा. या जातीचे पतंग पूर्वी पांढुरके असत. झाडं काळी पडली, पांढरे पतंग पाखरांच्या डोळ्यांत भरू लागले, आणि साठेक वर्षांत इथे जवळजवळ सगळे काळेच उरले.

पण आपण कापडासाठी आलो नाही आणि पतंगांसाठीही नाही. तुमच्या मनात शाळेपासून एक शंका आहे. केंद्रकावर धन विद्युतभार, इलेक्ट्रॉनवर ऋण. दोघांत ओढ. मग इलेक्ट्रॉन केंद्रकात जाऊन पडत का नाही? ही शंका पहिल्यांदा ज्या इमारतीत खऱ्या अर्थाने उभी राहिली, ती इथून दोन मिनिटांवर आहे. कूपलंड स्ट्रीटला वळा.

दार ढकलून आत आलात की वास बदलतो. गॅसचे बर्नर, तापलेली काच, लाख, पाइपची तंबाखू. एका खोलीत काच फुंकणारा ओटो बाउमबाख भट्टीच्या झोतापुढे वाकलाय. इथे दोन मिनिटं थांबाच. त्याच्या हातातली नळी नारिंगी होते, ताणली जाते, केसासारखी बारीक होते. अशा नळ्यांची भिंत एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून पातळ करायची त्याची हातोटी आहे. वायू आत कोंडलेला राहतो आणि त्यातून सुटणारे सूक्ष्म अल्फा कण मात्र त्या भिंतीतून आरपार निघून जातात. आत भरायचा वायू रेडियममधून झिरपतो. ते रेडियम व्हिएन्नाहून उसनं आणलेलं आहे. कशालाही हात लावू नका. या किरणांपासून जिवाला किती जपायचं, हे इथे अजून कुणाला नीट कळलेलं नाही.

आता तळघरासारख्या त्या काळोख्या खोलीत चला. मागे दार बंद होईल. घाबरू नका, पण हलूही नका. अर्धा तास असंच बसायचं आहे, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. सुरुवातीला फक्त आवाज: स्वतःचा श्वास, पंपाची धाप, कुठेतरी थेंब पडतोय. खोली कोंदट आहे आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या ओल्या कोटाची ऊब तुमच्या दंडाला लागते. हा हान्स गायगर. पलीकडे अर्नेस्ट मार्सडेन. तीन वर्षांपूर्वी हा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पितळ गार लागेल. समोर झिंक सल्फाइडचा इवलासा पडदा आहे. काळं. काळं. आणि मग एक ठिणगी, टाचणीच्या टोकाएवढी, हिरवट. दिसली म्हणेपर्यंत गेली. पुन्हा एक, डावीकडे. ही प्रत्येक ठिणगी म्हणजे एक अल्फा कण पडद्यावर आपटल्याची खूण. धातूच्या पेटीत मधोमध सोन्याचा वर्ख ताणून बसवलाय, एका बाजूला बाउमबाखची ती नळी, आणि सूक्ष्मदर्शक वेगवेगळ्या कोनांत वळवून दर मिनिटाला किती ठिणग्या, ते मोजायचं. मोजा. एका मिनिटाने डोळ्यांत पाणी येईल, पाचव्या मिनिटाला दिसलेली आणि भासलेली ठिणगी यांत गल्लत होऊ लागेल. या दोघांनी अशा एक लाखाहून अधिक ठिणग्या मोजल्यात. या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर रदरफर्ड स्वतः इथे बसले की दोन मिनिटांत शिव्या घालत उठतात. त्यांना हे जमत नाही, आणि गायगरला जमतं याचं त्यांना मनापासून कौतुक आहे. भौतिकशास्त्राचा इतिहास सांगताना आपण समीकरणं सांगतो, आणि हे आंबलेले डोळे सांगायचे विसरतो. मला ते अन्यायाचं वाटतं.

सूक्ष्मदर्शक वळवून वर्खाच्या अलीकडे आणा, म्हणजे नळीच्याच बाजूला. इथे एकही ठिणगी दिसायला नको. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने सुटलेल्या कणांना सोन्याचा इतका पातळ पापुद्रा परत कसा फिरवणार? थांबा. थांबा अजून. ती बघा! धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या दर ८,००० कणांमागे साधारण एक असा उलटा परततो. रदरफर्डनी यावर दीड-दोन वर्षं विचार केला आणि १९११ मध्ये अर्थ लावला: अणूचं जवळजवळ सगळं वजन आणि सगळा धन भार मधल्या एका अतिसूक्ष्म जागी गोळा झालेला असला पाहिजे. ती जागा अणूच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून लहान. बाकी पसारा इलेक्ट्रॉनांचा.

बाहेर या. डोळे चोळा. चार वाजून गेलेत, चहाची वेळ झाली आहे, आणि जिन्यावरून एक दणदणीत आवाज खाली येतोय. प्रोफेसर एक प्रार्थनागीत बेसूर गुणगुणत येत आहेत. ते गातात तेव्हा काम बरं चाललंय असं समजायचं. धिप्पाड अंग, लालबुंद चेहरा, जाड मिशा, कोटावर पाइपची राख. न्यूझीलंडच्या शेतावर वाढलेला हा माणूस टेबलाच्या टोकाला बसतो आणि खोली लहान वाटू लागते. लोणी लावलेले पाव, केक, भरपूर दूध घातलेला गरम चहा. पेला दोन्ही हातांत धरा, अंधाऱ्या खोलीने बोटं गारठली आहेत. टेबलाभोवती निम्म्या युरोपातून आलेली पोरं आहेत. हंगेरीचा हेवेशी. हॅरी मोझली, जो रात्र रात्र प्रयोगशाळेतच काढतो. चार्ल्स डार्विन, हो, उत्क्रांतीवाल्या डार्विनचा नातू. सगळे एकाच वेळी बोलताहेत, आणि कुणी कुणाच्या पदाची भीड ठेवत नाही.

कुणालातरी विचारा तो प्रश्न. विचाराच.

तुम्हाला उत्तर मिळणार नाही, उलट प्रश्नच जड होऊन परत येईल. इलेक्ट्रॉन स्थिर असेल तर केंद्रक त्याला सरळ ओढून घेईल. म्हणून तो फिरत असला पाहिजे. पण फिरणं म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणं, आणि विद्युतभार असलेली वस्तू दिशा किंवा वेग बदलू लागली की तिच्यातून लहरी निघतात. यात शंकेला जागा नाही. दोनच महिन्यांपूर्वी टायटॅनिकने बुडताना मदतीसाठी जी हाक दिली, ती याच नियमावर समुद्र ओलांडून गेली: तारेतले इलेक्ट्रॉन मागेपुढे हलवा, लहरी सुटतील. टेबलावरच्या प्रत्येकाने ती बातमी वाचली आहे. लहरी ऊर्जा घेऊन जातात. म्हणजे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावणार, आत सरकणार, आणखी जोरात फिरणार, आणखी ऊर्जा गमावणार. गोल गोल फिरत केंद्रकावर जाऊन आदळायला त्याला किती वेळ लागेल, हे कागदावर मांडता येतं. एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा. हायड्रोजनचा अणू त्यातल्या जेमतेम १६ तुकड्यांत संपतो.

आता टेबलावर हात ठेवा. लाकूड आहे ना? पेल्याची ऊब आहे, कॉलर अजून गळ्याला काचते आहे, बाहेर पाऊस पडतोय. त्या काळच्या सर्वांत चांगल्या भौतिकशास्त्रानुसार यातलं काहीही, आणि तुम्हीसुद्धा, पापणी लवायच्या आत कोसळून संपायला हवं होतं. रदरफर्डना हे ठाऊक आहे. अणू टिकतो कसा, तो विचार तूर्त बाजूला ठेवू, असं त्यांनी आपल्या १९११ च्या निबंधातच सांगून टाकलंय. बाहेरच्या जगात या केंद्रकवाल्या अणूची अजून फारशी कुणी दखलही घेतलेली नाही.

टेबलाच्या कडेला बसलेला तो तरुण बघा. मोठं डोकं, जाड ओठ, आवाज इतका हलका की पुढे झुकल्याशिवाय ऐकू येत नाही. वाक्य सुरू करतो, मोडतो, पुन्हा सुरू करतो. नील्स बोर, वय २६, कोपनहेगनचा. केंब्रिजमध्ये डिकन्सची कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचत त्याने इंग्रजी पक्कं केलं. गडी फुटबॉलचा चांगला गोलरक्षक आहे, ही एक गोष्ट रदरफर्डना त्याच्या बाजूने वाटते. कागदावरच्या सिद्धांतवाल्यांवर त्यांचा एरवी फारसा विश्वास नाही.

संध्याकाळी त्याच्या मागे मागे व्हिक्टोरिया पार्कमधल्या हल्म हॉलपर्यंत चला. इथे झाडं आहेत, धूर जरा विरळ. खोलीत शिरल्यावर दिवा, कागद, शाई. प्रयोगासाठी रेडियमचा वायू मिळायला वेळ आहे, म्हणून तो काही दिवस खोलीतच बसून आकडेमोड करतोय. १ ऑगस्टला त्याचं लग्न आहे. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने हळूच सांगितलंय, अणूच्या रचनेबद्दल आपल्याला कदाचित थोडंसं काही सापडलं असावं.

त्याने काय केलंय ते नीट बघा, कारण कागदावर ते अगदी साधं दिसतं. बाकीचे म्हणतात: नियमानुसार अणू कोसळतो, म्हणजे अणूचं हे चित्र चुकलेलं असावं. बोर म्हणतो: अणू कोसळत नाही, हे तर आपण रोज हातात धरून बघतो; म्हणजे नियमच इतक्या लहान जागी लागू पडत नसावेत. बारा वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाचा हिशेब लावताना एक अंक शोधला होता, ऊर्जेच्या देवघेवीला ठरावीक हप्ते लावणारा. बोर तो अंक अणूच्या आत आणून बसवतो. इलेक्ट्रॉनला फक्त काही ठरावीक कक्षा. तिथे असताना त्यातून लहरी निघत नाहीत. सगळ्यांत आतली जी कक्षा, तिच्या खाली पायरीच नाही.

आपल्याला आता आठ-नऊ महिने पुढे जायचंय. डोळे मिटा, उघडा. हे कोपनहेगन, १९१३ चा फेब्रुवारी. थंडी कानशिलांवर चावते आहे. आपल्यासमोर एक काचेची नळी आहे, आत विरळ हायड्रोजन. वीज सोडली की ती गुलाबी पेटते. बारीक गुणगुण ऐकू येते, आणि हवेला एक उग्र, विजेचा वास सुटतो. लोलकातून बघा. इंद्रधनुष्य दिसेल अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती सोडा. काळ्या पट्टीवर मोजक्या रेघा आहेत. एक ठसठशीत तांबडी, एक हिरवट निळी, मग दोन जांभळट. एवढ्याच. स्वित्झर्लंडच्या बाझल गावातले शिक्षक योहान बाल्मर यांनी १८८५ साली या चार रेघांच्या लहरलांबीचं सूत्र शोधून काढलं होतं. ते सूत्र का चालतं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. वर्णपटाचा अभ्यास करणारा हान्सेन नावाचा मित्र बोरला विचारतो: तुझ्या त्या कक्षांतून या रेघा निघतात का? बोर सूत्र बघतो. नंतर तो सांगत असे, ते पाहताक्षणी सगळं लख्ख झालं. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येतो, तेवढ्या फरकाची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून फरक ठरलेले, म्हणून रंग ठरलेले.

लगोलग निबंध लिहून तो रदरफर्डना पाठवतो. उत्तरात कौतुक आहे, लांबी कमी करायची सूचना आहे, आणि एक शंका आहे जी मला त्या साऱ्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाची वाटते. इलेक्ट्रॉन एका पायरीवरून निघतो तेव्हा कुठल्या लहरलांबीचा प्रकाश सोडायचा, हे तो कसं ठरवतो? आपण कुठे थांबणार, हे त्याला आधीच माहीत असायला हवं! बोर बोटीत बसून थेट मँचेस्टर गाठतो आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत कित्येक संध्याकाळी एकेका वाक्यासाठी हटून बसतो. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा. शेकोटीत कोळसा तडतडतोय, पाइपचा धूर छताशी साचलाय. एक माणूस गडगडतोय, दुसरा पुटपुटतोय, आणि हरतोय तो गडगडणारा. निबंध जसाच्या तसा छापला जातो.

पण रदरफर्डची शंका बरोबर होती. बोरने दारावर पाटी लावली: इथून खाली जाण्यास मनाई. का मनाई, ते सांगितलं नाही. त्याला तेव्हा सांगता येणंच शक्य नव्हतं, आणि तो स्वतः हे प्रामाणिकपणे मान्य करत असे. आपल्या शाळांची पुस्तकं मात्र बहुतेक वेळा या पाटीपाशीच थांबतात. वर्तुळं, त्यांवर ठिपके, इलेक्ट्रॉन ‘स्थिर कक्षेत’ फिरतात, परीक्षेला दोन गुण. ज्या मुलीला खरा प्रश्न पडलेला असतो, ती पुन्हा बोट वर करते, आणि तिला खाली बसवलं जातं. म्हणून तुम्हाला अजून एका ठिकाणी नेल्याशिवाय मी सोडणार नाही.

१९२७ चा हिवाळा. पुन्हा कोपनहेगन, ब्लायडाम्सवाय रस्त्यावरची बोरची संस्था. जिने चढत अगदी वर या, छपराखालच्या उतरत्या भिंतींच्या खोलीत. डोकं सांभाळा. खिडकीतून मागची मोठी बाग दिसते, झाडं निष्पर्ण, वाटांवर दंव. या खोलीत पंचविशीतला भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग राहतो. बोर रात्री उशिरा पाइप घेऊन वर येतात आणि मध्यरात्र उलटली तरी इलेक्ट्रॉनबद्दलचा वाद संपत नाही. दोघंही थकून, जवळजवळ हताश होऊन उठतात. आता बोर नॉर्वेला बर्फावर घसरायला गेलेत. खोलीत अखेर शांतता आहे. एका रात्री हायझेनबर्ग एकटाच बागेत फिरायला उतरतो. त्याच्याबरोबर चला, मफलर घट्ट करून. बुटांखाली दंव कुरकुरतंय, नाकाचा शेंडा बधिर झालाय, श्वासाची वाफ चेहऱ्यावर परत येते.

त्याच्या डोक्यात जे जुळतंय ते असं: इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे आणि त्याची गती नेमकी किती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तेवढ्या नेमक्या असूच शकत नाहीत. जागा जितकी आवळाल, तितका गतीचा पल्ला रुंदावतो. इलेक्ट्रॉन लहरीसारखा पसरलेला असतो, हे याआधीच पॅरिसमध्ये द ब्रॉय यांनी सुचवलं होतं, आणि १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी त्या लहरीचं समीकरण लिहून हायड्रोजनच्या सगळ्या पायऱ्या त्यातून काढून दाखवल्या होत्या. तंबोऱ्याची तार आठवा. ताण तोच ठेवून तारेची लांबी कमी केलीत तर स्वर चढतो, आणि दिलेल्या लांबीच्या तारेला एक सर्वांत खालचा स्वर असतो. त्याखाली ती वाजूच शकत नाही. इलेक्ट्रॉनच्या लहरीचंही तसंच आहे. तिला लहान जागेत कोंबा, ती जास्त चढी, जास्त वळणदार होते. आणि वळणदार लहर म्हणजे जास्त गती, जास्त ऊर्जा.

आता हिशेब सोपा आहे, दंवात चालता चालता करता येईल एवढा. इलेक्ट्रॉनचा पसारा निम्मा करा. केंद्रकाच्या ओढीमुळे मिळणारा फायदा दुप्पट होतो. पण तेवढ्या जागेत राहण्याची किंमत, म्हणजे गतीची ऊर्जा, चौपट होते. पसारा खूप मोठा असताना आत सरकणं परवडतं. सरकत सरकत एक जागा येते, जिथून पुढे प्रत्येक पाऊल मिळकतीहून महाग पडतं. तिथेच अणू थांबतो. हायड्रोजनसाठी ही जागा केंद्रकापासून साधारण एका मीटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या ५३ भागांवर येते. केंद्रकाच्या तोंडातून हा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोजावी लागते. आणि त्याला जबरदस्तीने केंद्रकाएवढ्या जागेत कोंडायचं ठरवलं, तर लागणारी ऊर्जा ही प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाच्या, ओढीतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या शंभरपटीहून जास्त होते. कुणीही इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलत नाही. मधे भिंत नाही. आवळून घेण्याचा खर्च आहे, बस्स.

मग लहरी सुटून ऊर्जा कमी होण्याचं काय? सर्वांत खालच्या स्वरात असलेला इलेक्ट्रॉन मुळी कक्षेत गोल गोल फिरत नसतो. त्याचा पसारा काळानुसार बदलत नाही, केंद्रकाभोवती सगळीकडून सारखा असतो. तारेतल्या त्या मागेपुढे हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांसारखं तिथे काही हलत नाही, म्हणून लहर सुटत नाही; आणि सोडायला खाली ऊर्जेची पातळीच उरलेली नाही. सोन्यासारख्या अणूत ७९ इलेक्ट्रॉन असतात. ते सगळेच त्या खालच्या पातळीत दाटीवाटीने का बसत नाहीत, याचं कारण वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये सांगितलं: एका अवस्थेत एकच. तुम्ही मँचेस्टरला टेबलावर हात ठेवलात तेव्हा तो आत गेला नाही, यात या दुसऱ्या नियमाचा वाटा फार मोठा आहे.

चला, बागेतून परत फिरू. पण जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता ही सहल संपवणं मला बरं वाटणार नाही. आपण विचारत होतो, इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही. त्याचा तो पसारा सर्वांत दाट कुठे असतो, माहीत आहे? हायड्रोजनमध्ये, अगदी केंद्रकाच्या जागी. इलेक्ट्रॉन तिथे जात नाही असं नाहीच. तो तिथेही असतो, अगदी थोडा, आणि तिथून आरपार पसरलेला असतो. तरी काही बिघडत नाही, कारण प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन व्हायचा तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते. हायड्रोजनजवळ ती नाही.

पण काही अणूंजवळ असते. पोटॅशियमचा एक दुर्मिळ प्रकार आहे, पोटॅशियम-४०. केळ्यात, बटाट्यात, उसळीत, तुमच्या स्नायूंत. त्याच्या केंद्रकाला इलेक्ट्रॉन गिळणं परवडतं, आणि कधीकधी ते गिळतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक अणू फुटतात, आणि त्यांतल्या सुमारे दहापैकी एकात नेमकं हेच घडतं: अणूतला एक इलेक्ट्रॉन खरोखर केंद्रकात नाहीसा होतो. म्हणजे मँचेस्टरच्या रस्त्यावर त्या बायकांच्या घोळक्यात तुम्ही रेटले जात होतात तेव्हा, दर सेकंदाला तुमच्या आत काहीशे इलेक्ट्रॉन कोसळत होते. उरतो तो आर्गॉन वायू. पृथ्वीच्या खडकांतलं पोटॅशियम अब्जावधी वर्षं हेच करत आलंय आणि तो आर्गॉन हवेत साठत गेलाय. हवेतला सुमारे ०.९३ टक्के भाग त्याचा आहे, आणि तो जवळजवळ सगळा असाच जन्मलेला. आता तुम्ही जो श्वास आत घेतलात, त्यातल्या दर शंभर कणांत साधारण एक कण अशा अणूचा आहे, ज्याचा एक इलेक्ट्रॉन केंद्रकात पडला.